रुळांवरचे अंतराळयान

अवकाशात रस्ते नसतात. यान हवे तिकडे वळावे, हवे तिथे थांबावे, वाटले तर आल्या वाटेने परत फिरावे. विज्ञानकथांनी आपल्या मनात रुजवलेले अवकाश असेच मोकळे असते. तरीही १९९३ साली जपानमधून आलेल्या ज्या अंतराळयुद्धाच्या खेळावर एक अख्खी पिढी लुब्ध झाली, त्या ‘स्टार फॉक्स’मधले यान रुळांवरून चालल्यासारखे चालते. ते आपोआप पुढे जाते. खेळणाऱ्याने ते वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सरकवायचे, नेम धरायचा, समोरून येणारे चुकवायचे. वेग थोडा वाढवता येतो, ब्रेक लावून थोडा कमीही करता येतो. पण थांबता येत नाही आणि मागे वळता येत नाही. अशा खेळांना ‘रेल शूटर’ म्हणतात. व्हिडिओ गेमच्या चर्चेत हे नाव पुष्कळदा किंचित तुच्छतेने घेतले जाते, जणू रूळ म्हणजे खेळणाऱ्याची फसवणूकच.

मी संगणक ग्राफिक्स हा विषय शिकवतो. ‘या यानाला रूळ का?’ हा प्रश्न दरवर्षी वर्गात कोणी ना कोणी विचारतो, आणि ‘यंत्र दुबळे होते म्हणून’ हे उत्तरही बहुधा वर्गातूनच येते. उत्तर बरोबर आहे, पण ते अर्धेच. उरलेले अर्धे समजून घ्यायचे तर आधी हे पहिले अर्धे नीट उलगडावे लागते. ते यंत्र नेमके कुठे अडत होते आणि त्यावर कोणी काय तोड काढली, ही गोष्ट मुळातच रंजक आहे.

हा खेळ ‘सुपर निन्टेन्डो’ या कन्सोलवरचा. कन्सोल म्हणजे घरच्या टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र. १९९०च्या नोव्हेंबरात ते जपानमध्ये विक्रीला आले. आपल्याकडे त्या काळात जे ‘टीव्ही गेम’ मिळत, ते बहुतांशी निन्टेन्डोच्या त्याआधीच्या यंत्राच्या नकला होत्या. त्यात खुपसायच्या प्लास्टिकच्या डबीला आपण ‘कॅसेट’ म्हणत असू. आत फीत नसे. एक छोटी पट्टी असे, तिच्यावर खेळाची आज्ञावली आणि चित्रे साठवलेली चिप. नीट लागली नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, हा तेव्हाचा सार्वत्रिक उपचार वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. हा शब्द मी इथेही वापरणार आहे, कारण स्टार फॉक्सची सगळी करामत कॅसेटमध्येच दडलेली आहे.

सुपर निन्टेन्डोचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. सपाट चित्रे सरकवण्यात ते यंत्र मोठे वाकबगार होते. मारिओ धावतो, मागची टेकडी हळू सरकते, त्यामागचे ढग आणखी हळू: अशा कामासाठीच ते घडवलेले होते. एखादे सपाट चित्र फिरवून, लहानमोठे करून जमिनीसारखे अंथरण्याची युक्तीही त्याला येत होती. ‘एफ-झीरो’ या शर्यतीच्या खेळात ती दिसते. पण ती एकाच पृष्ठभागापुरती. त्या जमिनीवर खरीखुरी इमारत उभी करायची, जिच्या बाजू आपण जवळ जाऊ तशा उलगडत जातील, म्हटले की यंत्र हात टेकत असे.

का, ते पाहू. रेल्वेच्या सरळ मार्गाकडे पाहिले तर दोन रूळ दूरवर एकमेकांना मिळताना दिसतात. त्यामागचे गणित एका ओळीचे आहे. वस्तू दुप्पट दूर गेली की निम्मी दिसते. म्हणून एखादा बिंदू पडद्यावर कुठे पडेल हे काढायचे, तर त्याच्या आडव्या आणि उभ्या अंतराला खोलीच्या अंतराने भागायचे. साध्या खोक्यासारख्या इमारतीला आठ कोपरे. यान कलले की प्रत्येक कोपरा आधी फिरवून घ्यायचा, म्हणजे काही गुणाकार, मग भागाकार, मग कोपरे जोडून झालेल्या आकृतीत रंग भरायचा. हे समोरच्या प्रत्येक वस्तूसाठी करायचे, आणि सेकंदातून कित्येकदा. सुपर निन्टेन्डोकडे गुणाकार-भागाकाराची सोय होती, पण या कामापुढे फारच तोकडी.

रंग भरणे तर गणिताहूनही जिकिरीचे होते. हे यंत्र पडद्याचा विचार सुट्या ठिपक्यांत करतच नसे. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनी फरश्या आधीच तयार ठेवायच्या आणि त्या पडद्यावर मांडायच्या, अशी त्याची रीत. शिवाय सोळा रंगांच्या फरशीतल्या एकेका ठिपक्याच्या रंगाची माहिती चार वेगवेगळ्या बाइटांत एकेक बिट अशी वाटून ठेवलेली असे. एक ठिपका बदलायचा तर चार ठिकाणी हात घालायचा. फरशी मांडण्यासाठी ही व्यवस्था उत्तम. तिरकी रेषा ओढायला गेलात की डोकेदुखी.

यावरचा तोडगा निघाला लंडनमध्ये. जेझ सॅन या तरुणाने ‘आर्गोनॉट’ नावाची कंपनी काढली होती, आणि १९८६ साली तिने घरगुती संगणकांसाठी ‘स्टारग्लायडर’ हा रेषांनी रेखलेल्या आकृत्यांचा उड्डाणखेळ केला होता. या खेळात खेळणारा हवा तिकडे भटकू शकत असे, हे इथे ध्यानात ठेवावे. पुढे याच कंपनीतल्या डिलन कथबर्ट या विशीही न ओलांडलेल्या मुलाने निन्टेन्डोच्या हातात मावणाऱ्या ‘गेम बॉय’वर, म्हणजे आणखीच दुबळ्या यंत्रावर, त्रिमितीचा भास उभा केला. ते पाहून निन्टेन्डोने या मंडळींना क्योतोला बोलावले. सुपर निन्टेन्डोवर काय करता येईल ते त्यांनी दाखवले, आणि निव्वळ आज्ञावलीच्या बळावर याहून पुढे जाता येणार नाही, आम्हाला चिप बनवू द्या, असेही सांगितले. खेळ लिहिणारी एक छोटी परदेशी कंपनी निन्टेन्डोला सांगत होती की तुमच्या यंत्राला आमचा मेंदू जोडा! निन्टेन्डो हो म्हणाली, याचे मला आजही नवल वाटते.

ही चिप पुढे ‘सुपर एफएक्स’ नावाने प्रसिद्ध झाली. स्टार फॉक्सच्या कॅसेटमधील तिची पहिली आवृत्ती १०.७ मेगाहर्ट्झवर चाले, म्हणजे यजमान यंत्राच्या जवळजवळ तिप्पट वेगाने. तिच्यात जलद गुणाकाराची सोय होती. आणि ‘या जागी या रंगाचा ठिपका टाक’ अशी एक स्वतंत्र आज्ञा होती; फरशीतल्या चार बाइटांचा सगळा गुंता चिप आपणच सोडवत असे. थोडक्यात, पाहुणा यजमानापेक्षा बलवान होता. कॅसेटमधल्या स्मृतीत पूर्ण चित्र तयार करायचे काम त्याचे, आणि ते उचलून टीव्हीपर्यंत नेण्याचे काम यजमानाचे.

हे उचलून नेणेही सोपे नव्हते. खेळाचे चित्र साधारण २२४ बाय १९२ ठिपक्यांचे, म्हणजे ४३ हजार ठिपके. प्रत्येकाला चार बिट धरले तर सुमारे २१ हजार बाइट. टीव्ही पडद्यावर रेषा ओढत असताना ही ने-आण करता येत नाही. दोन चित्रांमधल्या फटीतच ती उरकावी लागते, आणि ती फट फार अरुंद असते. म्हणून स्टार फॉक्सच्या चित्राला वर आणि खाली काळी पट्टी आहे. ती सजावट नव्हे. टीव्ही तो काळा भाग ओढत असतो, तेवढा जादा वेळ ने-आणीसाठी मिळवलेला आहे. एवढे करूनही चित्रे बदलतात सेकंदाला फार तर वीसेक, आणि पडद्यावर गर्दी झाली की त्याहून बरीच कमी. सिनेमात ती चोवीस असतात.

आता रुळांकडे येऊ. यान नेहमी पुढेच पाहणार असे एकदा ठरले की मागे पडलेली प्रत्येक वस्तू कायमची विसरता येते. कोणत्या क्षणी समोर किती वस्तू असतील, हे खेळणारा ठरवत नाही. खेळ रचणारा ठरवतो. म्हणजे चिपला झेपेल एवढाच पसारा तो समोर मांडू शकतो. एकामागे एक असलेल्या वस्तूंपैकी कोणती कोणाला झाकेल, याचा ठिपक्यागणिक हिशोब ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे दूरचे आधी रंगवायचे आणि जवळचे त्यावर, अशी भिंत रंगवणाऱ्याची सरळ पद्धत. तीही समोर एकाच दिशेला पाहताना नीट चालते. दूरचे डोंगर आणि आकाश हे तर सपाट चित्रच. ते यजमान यंत्राने आपल्या जुन्या पद्धतीने मांडायचे. पहिल्या ग्रहाच्या, कॉर्नेरियाच्या, जमिनीवर तर जमीनच नाही. आहेत ते रांगेने मांडलेले ठिपके, रेषा जोडण्याआधीच्या रांगोळीसारखे. ते झपाझप पायाखालून जातात आणि आपण जमिनीलगत वेगाने उडत आहोत असे मनोमन पटते. मोकळ्या अवकाशात गेल्यावर तेच काम धुळीचे कण करतात. इतक्या स्वस्तात इतका वेग आणखी कुठे विकत घेतलेला मला माहीत नाही.

‘यंत्र दुबळे होते म्हणून’ हे उत्तर इथवर येऊन थांबते. पण स्टारग्लायडर तर याहूनही मर्यादित संगणकांवर मोकळा फिरत होता, मग इथेच रूळ का? या प्रश्नाला त्या उत्तरात जागा नाही. ते लंडनमध्ये नव्हे, क्योतोत शोधावे लागते.

खेळाचा निर्माता होता शिगेरू मियामोतो, ‘मारिओ’चा जनक, दिग्दर्शक कात्सुया एगुची, पात्रे ताकाया इमामुराची, संगीत हाजिमे हिरासावाचे. त्रिमितीचे गणित इंग्रज मुलांचे आणि खेळाची रचना जपान्यांची, अशी ही वाटणी. निन्टेन्डोचे मुख्यालय क्योतोत, आणि तिथून जवळच फुशिमी इनारीचे प्रसिद्ध देवस्थान आहे. इनारी ही तिथली भाताची, समृद्धीची देवता आणि कोल्हा तिचा दूत. त्या डोंगरावर ‘तोरी’ म्हणजे लाल कमानी हजारोंच्या संख्येने एकीमागे एक उभ्या आहेत आणि भाविक त्यांच्यामधून चालत वर जातात. नायक कोल्हा असण्याचे आणि कमानींमधून उडण्याचे बीज या देवस्थानात आहे, हे मियामोतोंनी नंतर स्वतःच सांगितले आहे. हे कळल्यावर खेळाकडे पाहण्याची माझी नजर बदलली. कमानींची रांग म्हणजे ठरलेली वाट. तिथे चालणाऱ्याला आपले स्वातंत्र्य कोणी हिरावून घेतले असे वाटत नाही; एक कमान मागे पडते, पुढची येते, आणि त्या येण्याजाण्याला एक लय असते. कोकण रेल्वेच्या खिडकीत बसणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बोगदा, मग एकदम उजेड, मग खाली खाडी: गाडी कुठे वळवायची हे आपल्या हाती नाही म्हणूनच हा क्रम बिघडत नाही.

(जाता जाता: खेळातल्या चांगल्या बाजूचा सेनापती कुत्रा आहे आणि खलनायक शास्त्रज्ञ अँड्रॉस माकड. आपल्याकडे जसे साप-मुंगूस, तसे जपानीत कुत्रा आणि माकड हे हाडवैऱ्यांचे जोडपे आहे. पाश्चात्त्य मुलांना ही गंमत क्वचितच कळली असेल.)

रुळामुळे दिग्दर्शकाच्या हाती काळ येतो. कोणत्या क्षणी काय दिसेल, किती वेळ शांतता राहील आणि ती कोण मोडेल, हे त्याला ठरवता येते. कॉर्नेरियावर सुरुवातीला काही मोजक्या इमारती आणि सुटे शत्रू. मग खांब, कमानी, कोसळणारे मनोरे. मग थोडी उसंत आणि शेवटी मोठा शत्रू. हे नाट्यप्रवेशासारखे रचलेले आहे आणि संगीत त्याला धरून चालते. मियामोतोला ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘थंडरबर्ड्‌स’ ही बाहुल्यांची मालिका फार प्रिय होती. स्टार फॉक्सच्या खोक्यावरील कोल्हा, ससा, बेडूक आणि पक्षी हे चित्र नव्हे, खरोखरच्या बाहुल्यांचे छायाचित्र आहे. बाहुलीनाट्याला मंच लागतो आणि मंचाला एक समोरची बाजू लागते. रुळांनी ती दिली.

या मंचावर सगळ्यांत मोलाचे म्हणजे सोबती. कोल्हा फॉक्स, त्याच्याबरोबर फाल्को, पेपी आणि स्लिपी. ते अधूनमधून समोरून आडवे जातात, मागे शत्रू लागलेला असतो, आणि खालच्या चौकटीत त्यांचा चेहरा येऊन मदतीची हाक देतो. आवाज म्हणजे निरर्थक बडबड, प्रत्येकाची वेगळी. एका मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये खरे संवाद मावणे शक्यच नव्हते. शत्रूला टिपले तर आभार. चुकून सोबत्यालाच गोळी लागली तर तक्रार. आणि मदत केली नाही तर तो पडतो, आणि त्या डावात पुन्हा कधी दिसत नाही. मागे वळता येत नसल्यामुळे ही हाक जिव्हारी लागते. मोकळ्या मैदानात ‘आधी हे संपवतो, मग येतो’ म्हणता येते. इथे तो दोन-तीन सेकंदांत समोरून निघून जाणार असतो. थांबता न येणे हेच या प्रसंगाचे सारे बळ आहे; रूळ काढले की तो प्रसंगच उरत नाही.

निवडीला अगदीच वाव नाही असेही नाही. सुरुवातीला नकाशावर तीन मार्ग असतात, कॉर्नेरियापासून शत्रूच्या व्हेनम ग्रहापर्यंत, चढत्या कठीणतेचे. शिवाय लघुग्रहांच्या पट्ट्यात एक छुपी वाट आहे. ती सापडली की आपण नकाशाबाहेरच्या विचित्र जागी पोहोचतो, तिथला शेवटचा शत्रू म्हणजे जुगाराचे यंत्र. ते हरले की ‘समाप्त’ची इंग्रजी अक्षरे विस्कटून तरंगत राहतात. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या तर ती फिरतात, बस. पुढे काही होत नाही, बाहेर पडता येत नाही. यंत्राचे बटण दाबून खेळ बंदच करावा लागतो. सगळ्या खेळात रूळ सोडून जाता येईल अशी जागा हीच, आणि तिला शेवट नाही. रचनाकारांची ही थट्टा मला फार आवडते.

रूळ काढून टाकण्याचा प्रयोग याच मंडळींनी लगेच केला, म्हणून आपल्याला तुलना करता येते. ‘स्टार फॉक्स २’मध्ये समोर सगळ्या ग्रहांचा नकाशा असतो, त्यावर घड्याळ चालू असते. शत्रूची क्षेपणास्त्रे कॉर्नेरियाकडे निघालेली असतात. आधी कुठे धावायचे ते आपण ठरवायचे, आणि लढाईत यान चौफेर फिरवता येते. ते दोन पायांवर चालणारे यंत्रही बनते. त्या कन्सोलवर हे जमवणे म्हणजे कमाल आहे, यात शंका नाही. पण खेळताना जाणवते की चकमकी छोट्या, पटकन संपणाऱ्या झाल्या आहेत. कुठून कुठे पाहावे हे खेळणाऱ्यावर सोपवले, आणि समोर मांडायला चिपकडे होते ते तेवढेच. मोकळीक मिळाली आणि मोकळेपणात रिकामी जागा दिसू लागली. माझे मत विचाराल तर पहिला खेळ अधिक श्रीमंत आहे, आणि ती श्रीमंती रुळांची आहे.

स्टार फॉक्स २ पूर्ण होत आला तोवर १९९५ उजाडले होते. प्लेस्टेशन बाजारात आले होते, निन्टेन्डोचे पुढचे यंत्र येऊ घातले होते. तयार खेळ बासनात गेला. तो अधिकृतपणे बाहेर आला २०१७च्या सप्टेंबरात, जुन्या कन्सोलच्या छोट्या प्रतिकृतीमध्ये इतर खेळांसोबत. वीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर. त्या प्रतिकृतीत सुपर एफएक्स चिप नाही. आधुनिक प्रोसेसर तिची नक्कल करतो.

आणि इथे एक खरा पेच आहे, ज्यावर जुने खेळ जतन करणाऱ्यांत आजही एकमत नाही. पुस्तक जपायचे तर मजकूर जपला की बरेचसे साधते. स्टार फॉक्सची आज्ञावली जपली तर निम्मेच हाती येते, कारण ती ज्या चिपसाठी लिहिली ती चिप हाही त्या कृतीचाच भाग. नक्कल करताना या चिपचा वेग वाढवणे सोपे असते. हौशी मंडळींनी तर खऱ्या कॅसेटमध्येही ते करून पाहिले आहे. तसे केले की धक्के खात चालणारे चित्र लोण्यासारखे सुरळीत होते. पण खेळाचे घड्याळ चित्र तयार होण्याच्या वेगाशी बांधलेले आहे, म्हणून यान, शत्रू, कमानी, सगळेच अधिक वेगाने धावू लागते आणि संगीत मात्र आपल्या मूळ चालीने मागे राहते. ज्या क्षणी सूर चढायचा त्याच्या आधीच मोठा शत्रू समोर उभा! काहींनी आज्ञावलीत दुरुस्त्या करून हा ताळमेळही पुन्हा बसवला आहे.

मी वर्गात दोन्ही दाखवतो, मूळ वेगाचा खेळ आधी आणि सुरळीत केलेला नंतर. मुलांना अर्थातच दुसरा आवडतो. मग मी त्यांना पहिल्यात कॉर्नेरियाच्या शेवटच्या टप्प्यात चित्र किती वेळा अडखळते ते मोजायला सांगतो. गर्दी वाढली की खेळ आपोआप मंदावतो, आणि नेमका तेव्हाच नेम धरायला अवधी मिळतो. रचनाकारांनी शत्रूंची संख्या आणि अंतरे ठरवली ती हाच अडखळणारा खेळ हातात घेऊन, पुन्हा पुन्हा खेळून.

आर्गोनॉटची ही कंपनी २००४ साली बंद पडली. तिच्या चिपच्या कामातून वाढलेला प्रोसेसरचा व्यवसाय मात्र त्याआधीच वेगळा झाला होता. त्याचे नाव ‘एआरसी’, आणि त्यातला ‘ए’ आर्गोनॉटचा. पुढे तो हातोहाती जात सिनॉप्सिस या अमेरिकी कंपनीकडे गेला, आणि त्या वंशातले प्रोसेसर आजही इतर चिपांच्या पोटात बसवले जातात, ज्यांचा कोल्ह्याशी काही संबंध नाही.